आमरस आठवड्यातून किती वेळा?

कोणता पदार्थ किती वेळा खाता, असं विचारणारी आहाराची प्रश्नावली भरून दिली की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘मग मी रोज किती कॅलरी खातो?’

गैरसमज: प्रश्नावलीतून आपण नेमकं किती खातो ते कळतं.

ती त्यासाठी बनवलेलीच नाही. अमेरिकेत 1976 मध्ये सुमारे 1 लाख 21 हजार परिचारिकांचा अभ्यास सुरू झाला. हार्वर्डच्या वॉल्टर विलेट यांनी त्यासाठी 61 पदार्थांची यादी तयार केली आणि 1980 मध्ये ती टपालाने रवाना झाली. इतक्या जणींच्या घरी जाऊन ताट मोजणं कुणालाच परवडलं नसतं. जास्त भाजी खाणाऱ्या कोण, कमी खाणाऱ्या कोण, असा क्रम लावता आला की काम भागत होतं. तो क्रम खरा लागतो का, हे बघायला 173 जणींना आठवडाभर खाल्लेलं सगळं लिहून ठेवायला सांगितलं, तेही वर्षभरात चार वेळा. ताळा बरा जमला, पण सगळ्या पोषक घटकांचा सारखा नाही.

गैरसमज: लोक खोटं लिहितात, म्हणून चुका होतात.

थोडी लपवाछपवी असतेच. डबा उघडून उभ्या उभ्या खाल्लेली शेव कोण लिहितो? पण खरी गोची हिशेबाची आहे. हार्वर्डच्या फॉर्मवर सूचना असते की मोसमी फळ वर्षभरावर पसरवून सांगा: तीन महिने आठवड्यातून चारदा खरबूज खात असाल, तर उत्तर ‘आठवड्यातून एकदा’. हेच आमरसाला लावून बघा. दोन महिने रोज दोन वाट्या म्हणजे 120 वाट्या. 52 आठवड्यांना वाटल्या की आठवड्याला दोनाहून थोड्या जास्त. हा भागाकार कोण करत बसतो? मे महिन्यात फॉर्म भरणारा ‘रोज’वर खूण करेल, डिसेंबरात भरणारा ‘क्वचित’वर, आणि दोघेही प्रामाणिकच असतील. वाटीचं तर बोलायलाच नको. एकाच घरात आमटीची वेगळी, श्रीखंडाची वेगळी. तेल-मीठ कढईत पडतं, त्यातलं आपल्या पानात किती आलं हे वाढणारीलाही सांगता येत नाही. आपल्याकडे 1972 पासून झालेल्या राष्ट्रीय आहार-पाहण्यांत प्रमाणित मापाच्या वाट्या घेऊन माणसं घरोघरी गेली, ती काही हौस म्हणून नव्हे.

गैरसमज: सगळेच थोडं कमी सांगतात, त्यामुळे चूक आपोआप फिटते.

इथे मात्र दुखणं खोल आहे. अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये 484 स्त्री-पुरुषांना जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन असलेलं पाणी पाजलं. ही दोन्ही जड रूपं शरीरातून किती वेगाने कमी होतात ते लघवीच्या नमुन्यांतून कळतं आणि त्यावरून शरीराने खर्च केलेली ऊर्जा काढता येते. वजन स्थिर असेल तर खाल्लेलीही साधारण तेवढीच. 2003 मध्ये निष्कर्ष छापून आले. प्रश्नावलीत पुरुषांनी ऊर्जा 31 ते 36 टक्के कमी दाखवली होती, स्त्रियांनी 34 ते 38 टक्के. ‘काल दिवसभरात काय खाल्लं?’ असं विचारल्यावर हीच तूट पुरुषांत 12 ते 14 आणि स्त्रियांत 16 ते 20 टक्क्यांवर आली. त्यातही वजन जास्त तितकं कमी सांगण्याचं प्रमाण जास्त. सगळ्यांनी सारखंच कमी सांगितलं असतं, तर क्रम शाबूत राहिला असता. तसं होत नाही. म्हणून खाणं आणि लठ्ठपणा यांचा संबंध सांगणारी बातमी आली की मी आधी खाणं कसं मोजलं ते शोधतो. बहुतेक बातम्यांत ते नसतंच.

गैरसमज: मग लघवीच तपासा, फॉर्म कशाला?

लघवीतल्या नत्रावरून प्रथिनं कळतात, सोडियमवरून मीठ. पण ती प्रथिनं डाळीची की मटणाची, हे लघवी सांगत नाही. शिवाय ते जड पाणी भलतंच महाग. म्हणून फॉर्म लागतोच; फक्त तो मोबाइलवर आला म्हणून स्मरणशक्ती सुधारत नाही. फार तर बेरीज चुकत नाही.

गैरसमज: एखादा रकाना सुटला तर काय बिघडतं?

सुटलेला रकाना अनेकदा ‘कधीच खात नाही’ असा धरला जातो. फार रकाने कोरे राहिले, किंवा बेरीज अशक्य वाटली (बाईचा दिवसाचा आकडा 500 कॅलरीच्या खाली किंवा 3,500 च्या वर गेला), तर हार्वर्डसारख्या अभ्यासांत तो अख्खा फॉर्म बाजूला काढतात. तेव्हा ज्याला तुम्ही शिवतही नाही, त्या पदार्थापुढेही ‘कधीच नाही’वर खूण करा.