सोनोग्राफीचं दुसरं काम

‘मणक्यात सुई? नको गं बाई, पोर लुळं पडेल!’ मामेबहिणीचं दोन महिन्यांचं बाळ तापाने फणफणलं होतं, दूध ओढत नव्हतं. मेंदूज्वराची शंका आली म्हणून डॉक्टर पाठीतलं पाणी तपासायचं म्हणाले, तर आजीने हातच जोडले. सही करेपर्यंत अर्धा दिवस गेला. मेंदूज्वरात तेवढा उशीरही महागात पडू शकतो.

खरं तर लुळं पडायची भीती जवळजवळ नसतेच. नवजात बाळाचा मज्जारज्जू कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या आसपास संपतो आणि सुई त्याच्या खाली टोचतात. जर्मन डॉक्टर हाइनरिख क्विंके यांनी १८९१ मध्ये ही पद्धत सुरू केली. आजही जागा बहुतेकदा बोटांनी चाचपूनच ठरवतात. अडचण इथेच आहे. जागा चिमुकली, त्यात बाळ वळवळतं. सुई जरा चुकली की पाण्यात रक्त मिसळतं आणि रिपोर्टचा नीट अर्थ लागत नाही. मग पुन्हा टोचा, नाहीतर खबरदारी म्हणून जास्त दिवस अँटिबायोटिक.

इथे सोनोग्राफी कामाला येते. तान्ह्या बाळाचे मणके पुरते टणक झालेले नसतात, त्यामुळे आतलं स्पष्ट दिसतं. मज्जारज्जू कुठे संपतो, पाणी कुठे आहे, सुई किती खोल न्यायची हे बघायचं, पाठीवर पेनाने खूण करायची आणि मग टोचायचं. अमेरिकेत फिलाडेल्फियातल्या डॉक्टरांनी सहा महिन्यांखालच्या १२८ बाळांवर अभ्यास केला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सोनोग्राफी वापरल्यावर पहिल्याच प्रयत्नात यश ५८ टक्के, नुसतं चाचपून ३१ टक्के. सगळ्याच अभ्यासांत एवढा फरक दिसलेला नाही. हात बसलेला असावा लागतो.

आपल्या नगर जिल्ह्यात सोनोग्राफी म्हटलं की ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ हा बोर्डच आठवतो. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे इथे नऊशेही मुली नव्हत्या. म्हणून १९९४ चा कायदा आणि मशीनची नोंदणी हवीच. पण नोंदणी असलेल्या हॉस्पिटलात ते मशीन तापलेल्या बाळाच्या खाटेपर्यंतही पोचायला हवं. लोणी आणि विळद घाटातल्या मेडिकल कॉलेजांत शिकणाऱ्या दोस्तांनो, हे नक्की शिकून घ्या.

आमच्या बाळाचं पाणी दुसऱ्या प्रयत्नात मिळालं. रिपोर्ट चांगला आला. परवा आजीला हे सगळं समजावलं, तर म्हणाली, ‘मग आधी का नाही सांगितलंस?’

तुमच्या घरी अशी वेळ आली, तर ‘सोनोग्राफीने बघून करता येईल का?’ असं जरूर विचारा. उत्तर ‘नाही’ आलं, तरी सहीला उशीर करू नका.