पुड्यातले तेल कोण मोजतो?



गोडेतेलाचा डबा किती दिवस पुरला, हा हिशेब प्रत्येक घरची बाई ठेवते. डबा चार दिवस आधी संपला तर तिच्या लगेच ध्यानात येते. पण चहाबरोबरची खारी, टोस्ट, पोरांच्या दप्तरातले वेफर्स, पाहुण्यांपुढचे फरसाण यांतून पोटात जाणारे तेल कोणत्याच हिशेबात धरले जात नाही. हे बाहेरचे तेल बहुतेक वेळा पामतेल असते.

पामचे झाड मूळचे पश्चिम आफ्रिकेतले. आज जगातले बहुतांश पामतेल इंडोनेशिया व मलेशियात होते आणि ते आयात करण्यात आपल्या देशाचा पहिला नंबर लागतो. एवढे स्वस्त का, तर उत्पादनाची भाषा आपल्याला चटकन कळेल. सोयाबीनपासून हेक्टरी अर्धा टनाच्या आतबाहेर तेल निघते, पामपासून तीन ते चार टन. शिवाय ते अर्धवट थिजलेले राहते, त्यामुळे बिस्किट खुसखुशीत होते, हाताला तेल लागत नाही, आणि माल लवकर खवट होत नाही. बिस्किटवाल्याला आणखी काय पाहिजे?

आपल्याला ते परके नाही. रेशनवरचे पामोलिन जुन्या सभासदांना आठवत असेलच. २०२२ च्या दिवाळीत शासनाने शंभर रुपयांत जो ‘आनंदाचा शिधा’ दिला, त्यातही रवा, चणाडाळ, साखर यांच्या जोडीला एक लिटर पामतेलच होते. तेव्हा पामतेल म्हणजे विष, असे कोणी सांगितले तर ते खरे मानू नये.

अडचण दुसरीच आहे. जी चरबी थंडीत थिजते तिला संपृक्त चरबी म्हणतात. पामतेलात ती निम्मी असते. शेंगतेलात साधारण पाचवा हिस्सा, करडईत दहाव्या हिश्श्याच्या आसपास. ही चरबी वाढली की रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल उचलून घेण्याचे यकृताचे काम मंदावते. ते रक्तातच फिरत राहते आणि वर्षानुवर्षे रक्तवाहिन्यांच्या आतून थर धरते. पाटाच्या कडेला गाळ साचावा तसे. २०१५ साली अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र करून पाहिले गेले. कमी संपृक्त चरबीच्या तेलांपेक्षा पामतेल खाणाऱ्यांचे वाईट कोलेस्टेरॉल जास्त आढळले. फरक डोंगराएवढा नव्हता, पण रोजच्या खाण्यात तो रोजचाच होतो.

आता हिशेब करू. दिवसाला दोन हजार कॅलरी खाणाऱ्या माणसाने संपृक्त चरबी सुमारे २२ ग्रॅमच्या आत ठेवावी, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याचा अर्थ होतो. पुड्यातल्या शेवेत शंभर ग्रॅमला चाळीस ग्रॅमच्या आसपास चरबी असू शकते. ती पामोलिनमध्ये तळलेली असेल, तर त्यातली सोळा-सतरा ग्रॅम संपृक्त. म्हणजे गप्पा मारता मारता शंभर ग्रॅम शेव संपली की दिवसाचा तीन-चतुर्थांश वाटा तिथेच खपला. घरची भाजी-आमटी अजून व्हायचीच आहे.

“मग तुपात काय कमी असतं?” असे कोणी म्हणेल. कमी नाही, जास्तच असते. पण तूप आपण भाकरीवर चमच्याने घेतो, तो चमचा डोळ्यांना दिसतो. पुड्यातला चमचा दिसत नाही.

काही पुड्यांवर ‘कोलेस्टेरॉल नाही’ असे ठळक छापतात. ते खोटे नाही. कुठल्याच वनस्पती तेलात ते नसल्यात जमा असते. रक्तातले कोलेस्टेरॉल वाढवते ती संपृक्त चरबी, तिचे नाव मात्र मागच्या बाजूला, बारीक अक्षरात.

न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्याला आपण सरसकट डालडा म्हणतो, त्या जुन्या पद्धतीच्या वनस्पती तुपातली ट्रान्स चरबी पामतेलापेक्षा वाईट. जानेवारी २०२२ पासून तेला-तुपातल्या या चरबीवर २ टक्क्यांची मर्यादा आली, हे चांगले झाले. पामतेल शुद्ध करताना दोनशे अंशांपुढे तापवले की ग्लिसिडिल एस्टर नावाची द्रव्ये तयार होतात. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २०१६ साली त्यांच्याबद्दल, विशेषतः लहान मुलांच्या बाबतीत, चिंता व्यक्त केली होती.

साखर कारखान्याच्या पत्रिकेत लिहायला थोडे अवघड वाटते, पण त्याच पुड्यात आपली साखरही असते. देशातल्या साखरेचा मोठा हिस्सा मिठाई, बिस्किटे, थंड पेये करणारे उचलतात, त्यावर आपल्या उसाचे बिलही अवलंबून आहे. म्हणून गप्प बसावे, असे मला वाटत नाही. मैदा, साखर, मीठ आणि पामतेल एकत्र आले की हात पुड्यातून निघत नाही, आणि तेच पोरांच्या पोटात दोन्ही वेळच्या जेवणाची जागा घेते.

पुड्याच्या मागे घटकांची यादी असते. जो पदार्थ वजनाने जास्त तो आधी, असा तिचा क्रम असतो. ‘खाद्य वनस्पती तेल’ या शब्दांपुढे ‘पाम’ किंवा ‘पामोलिन’ आहे का, आणि ते कितवे आहे, ते पाहावे. खालच्या तक्त्यात शंभर ग्रॅममागे संपृक्त चरबी किती तेही दिलेले असते. मजकूर बहुधा इंग्रजीत असतो आणि अक्षर मुंगीएवढे. तेव्हा शाळेत जाणाऱ्या पोरालाच वाचायला बसवावे.