विंचू, हृदय आणि बिरवाडीचा डॉक्टर

ऊर्जानगरच्या आमच्या अभ्यासवर्गात बारावीच्या एका मुलाने विचारले, "ताई, संशोधन म्हणजे मोठी लॅब, विदेशी डिग्री. आपल्यासारख्यांचा त्यात काय संबंध?" त्या दिवशी मी त्याला डॉ. हिंमतराव बावस्करांविषयी सांगितले. तेच इथे थोडक्यात मांडते.

बावस्कर जालना जिल्ह्यातील देहेड गावच्या गरीब शेतकरी घरातले. मिळेल ती कामे करत ते शिकले. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झाले आणि 1976 मध्ये रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे आणि लहान मुले दगावत होती. मृत्यू नेमका कशाने होतो, याचे उत्तर पुस्तकात सापडत नव्हते. म्हणून ते रुग्णाच्या खाटेजवळ बसले. नाडी, रक्तदाब, श्वास, घाम, हातापायांचा गारठा यांची नोंद ठेवत गेले. त्यातून दिसले की मृत्यूचे कारण हृदयात आहे.

हे कसे घडते? आपल्या नसांच्या पेशींवर सोडियम, पोटॅशियम आत-बाहेर जाण्याची सूक्ष्म दारे असतात. विंचवाच्या विषातील रेणू ही दारे बिघडवतात. नसा सतत उत्तेजित राहतात आणि शरीरात ॲड्रिनालिन, नॉरॲड्रिनालिन यांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो. आवळलेल्या नळ्यांमध्ये रक्त ढकलताना हृदयाचा डावा कप्पा थकतो. रक्त मागे तुंबते, फुप्फुसात पाणी साचते, तोंडातून गुलाबी फेस येतो आणि माणूस गुदमरतो.

दंशानंतर हृदयावर होणाऱ्या परिणामांची सुरुवातीची लक्षणे मांडणारा बावस्करांचा लेख 1982 मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. पुढचा प्रश्न उपायाचा होता. प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी रक्तवाहिन्यांवरील अल्फा ग्राहक बंद करते. त्यामुळे आवळलेल्या वाहिन्या सैल होतात आणि हृदयावरचा भार उतरतो. 1986 मध्ये हेही 'लॅन्सेट'मध्ये आले. बावस्करांच्या लिखाणानुसार, प्राझोसिनपूर्वी गंभीर दंशाचे 25 ते 30 टक्के रुग्ण दगावत. नंतर ते प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर या संशोधनात त्यांच्या बरोबरीने होत्या. प्राझोसिनसोबत प्रतिविष दिल्यास रुग्ण आणखी लवकर बरा होतो, हे महाडमधल्याच 70 रुग्णांच्या चाचणीतून 2011 मध्ये पुढे आले. 2022 मध्ये बावस्करांना पद्मश्री मिळाली.

आता आपल्या भागाचे. चंद्रपूर-गडचिरोलीत आजही विंचू चावला की आधी मंत्राने 'उतरवणारा' आठवतो. तो बरे करतो असे का वाटते? कारण बहुतेक दंशांत फक्त वेदना असते आणि ती काही तासांनी आपोआप कमी होते. श्रेय मात्र मंत्राला मिळते. खरा धोका याच्या उलट आहे. विष हृदयाकडे वळते तेव्हा दंशाच्या जागी वेदना अनेकदा कमीच असते. घरचे म्हणतात "उतरला", आणि त्याच वेळी रुग्णाला दरदरून घाम सुटलेला असतो, उलट्या होत असतात, हातपाय गार पडत असतात. मंत्र म्हणण्यात गेलेला तो तासच जीवघेणा ठरतो.

म्हणून कार्यकर्त्यांनी वस्तीत एवढे तरी सांगावे: वेदना कमी झाली म्हणून निर्धास्त राहू नका. घाम, उलटी, गार हातपाय, धाप यांपैकी काहीही दिसले की थेट दवाखाना गाठा. लहान मूल असेल तर लक्षणांची वाटही पाहू नका. प्राझोसिन मनाने देऊ नका. त्याने रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावे लागते. लाकडे, विटा, कवेलू हाताळताना आणि बूट घालताना आधी झटकून पाहा.

त्या मुलाला मी शेवटी एवढेच म्हटले: बिरवाडीत लॅब नव्हती. समोर मरणारी माणसे होती, एक वही होती आणि "असे का होते?" हा प्रश्न सोडायचा नाही ही जिद्द होती. असे प्रश्न आपल्याही वस्तीत पडून आहेत. वही उघडायला परवानगी लागत नाही.

जय भीम!