प्रवाहांचीही नोंदवही हवी

२८ जानेवारी २०१७ रोजी पहाटे चेन्नईच्या उत्तरेस, एन्नोर येथील कामराजर बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर झाली. ‘बीडब्ल्यू मेपल’ हे वायुवाहू जहाज बाहेर पडत होते, ‘डॉन कांचीपुरम’ हे तेलवाहू जहाज आत येत होते. पुढचे कित्येक दिवस एर्नावूरच्या खडकांवरून विद्यार्थी, स्वयंसेवक आणि तटरक्षक दलाचे जवान बादल्यांनी काळे, चिकट तेल उपसत असल्याचे दृश्य देशाने पाहिले. सार्वजनिक चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली: तेल सांडले किती? आरंभीचे अधिकृत आकडे किरकोळ होते. नंतरच्या अंदाजांत ते अनेक पटींनी वाढले. प्रशासनात आयुष्य घालवलेल्या माणसाला मात्र दुसरा प्रश्न अधिक निकडीचा वाटतो. ते तेल जाणार कुठे? ‘किती’चे उत्तर चौकशी समितीला हवे असते आणि ते महिन्यानंतर मिळाले तरी चालते. ‘कुठे’चे उत्तर पहिल्या काही तासांतच हवे, कारण पंप, माणसे आणि तरंगते अडथळे कोणत्या किनाऱ्याला धाडायचे, हे त्यावरच ठरते.

पाण्यावर पसरलेले तेल मुख्यतः दोन गोष्टींमुळे सरकते. पृष्ठभागाचा प्रवाह त्याला वाहून नेतो आणि वारा आपल्या वेगाच्या साधारण तीन टक्के वेगाने त्याला ढकलतो. वारा मोजणे तुलनेने सोपे आहे. प्रवाहाचे तसे नाही आणि बंगालच्या उपसागरात तर मुळीच नाही. भारताच्या पूर्व किनाऱ्यालगतचा प्रवाह वर्षातून दिशा बदलतो. ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या आरंभीच्या महिन्यांत तो दक्षिणेकडे वाहतो. फेब्रुवारीपासून उत्तरेकडे वळतो आणि मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू होण्याआधीच, सर्वाधिक जोरात असतो. चेन्नईच्या किनाऱ्यावरचा वारा एवढेच त्याचे कारण असते, तर असे घडले नसते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील सतीश शेट्ये, डी. शंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात या कोड्याची उकल केली. स्थानिक वाऱ्याच्या जोडीला उपसागराच्या मध्यभागावरील वारे आणि थेट विषुववृत्तावरून निघून उपसागराच्या कडेकडेने फिरत येणाऱ्या महाकाय, संथ लाटा हा प्रवाह घडवतात. गंगा, ब्रह्मपुत्रा, गोदावरी आणि कृष्णा यांचे गोडे पाणी वरच्या थराला हलके करते, ते वेगळेच. चेन्नईसमोरचे पाणी अशा रीतीने हजारो किलोमीटरवरच्या घडामोडींचे देणे लागते.

एन्नोरची टक्कर नेमकी ऋतुबदलाच्या उंबरठ्यावर झाली. अशा आठवड्यांत सरासरीचे कोष्टक उपयोगाचे नसते. प्रवाह त्या दिवशी, त्या तासाला कोणीकडे आहे, हे पाहावे लागते. प्रत्यक्षात तेल दक्षिणेकडे, तिरुवोट्रियूर आणि मरीनापर्यंत पोहोचले.

प्रवाह पाहण्याची जुनी रीत हिशेबाची होती. जहाज आपल्या वेगावरून आणि दिशेवरून जिथे असायला हवे आणि ग्रहताऱ्यांच्या वेधांवरून जिथे प्रत्यक्ष असल्याचे दिसे, त्या दोन ठिकाणांतील फरक म्हणजे प्रवाह. बंगालचा सर्व्हेयर जनरल राहिलेल्या जेम्स रेनेलने असंख्य जहाजांच्या नोंदवह्या चाळून अटलांटिकच्या प्रवाहांचा ग्रंथ सिद्ध केला. तो त्याच्या मृत्यूनंतर, १८३२ मध्ये प्रसिद्ध झाला. आज तेच काम किनाऱ्यावर उभ्या केलेल्या रडारद्वारे होते. साधारण साडेचार मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरीची लांबी सुमारे ६६ मीटर असते. समुद्रावरच्या तिच्या निम्म्या लांबीच्या, म्हणजे ३३ मीटरच्या लाटांवरून तिचा प्रतिध्वनी ठळकपणे परततो. त्या लाटेचा स्वतःचा वेग भौतिकशास्त्राला ठाऊक आहे. प्रतिध्वनीच्या वारंवारतेत त्याहून जो जास्तीचा फरक आढळतो, तो प्रवाहामुळे. एका रडारला मात्र आपल्याकडे येणारा किंवा आपल्यापासून दूर जाणारा वेगच कळतो. प्रवाहाची खरी दिशा काढण्यासाठी दुसरे रडार वेगळ्या कोनातून पाहणारे लागते.

म्हणूनच चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने देशात अशा रडारांच्या पाच जोड्या उभारल्या: गुजरात, तमिळनाडू, आंध्र प्रदेश, ओडिशा आणि अंदमान येथे. जवळपास २०० किलोमीटरपर्यंतच्या समुद्राचे प्रवाह त्या टिपू शकतात. तमिळनाडूची जोडी कल्पाक्कम आणि कडलूर येथे आहे. आता नकाशावर या दोन ठिकाणांतून एन्नोरपर्यंत रेषा ओढून पाहाव्यात. किनाऱ्यालगतच्या त्या पाण्याकडे दोन्ही रडार जवळजवळ एकाच दिशेने पाहतात. कोन उरत नाही, म्हणून किनाऱ्याला काटकोनात जाणारा प्रवाह नीट उमटत नाही. शिवाय दूरवर पाहणारे हे रडार कित्येक किलोमीटरच्या चौकटींत समुद्र मोजते. बंदराच्या तोंडापाशी काय चालले आहे, ते त्याच्या नजरेतून निसटते. यंत्रणेचा हा दोष नव्हे. खुल्या समुद्रासाठी नेमलेल्या पहारेकऱ्याकडून दाराशी काय घडते ते सांगण्याची अपेक्षा आपण करतो, हा दोष आहे. मोठ्या बंदरांलगत कमी पल्ल्याची, अधिक बारकाईने पाहणारी स्वतंत्र जोडी हवी. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पुराबरोबर मणलीच्या औद्योगिक पट्ट्यातून तेल एन्नोरच्या खाडीत उतरले, तेव्हा हीच गरज पुन्हा दिसली.

महाराष्ट्राने याकडे परक्याचे दुखणे म्हणून पाहू नये. त्या पाच जोड्यांत कोकण किनाऱ्याला स्थान नव्हते. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ यांची टक्कर होऊन तेलाबरोबर कंटेनरही समुद्रात गेले. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात ‘पी-३०५’ हा तराफा बुडाला आणि पुढे रायगडपासून वलसाडपर्यंतच्या किनाऱ्यांवर मृतदेह लागले. बुडणाऱ्या माणसाचा शोध कोणत्या चौकोनात घ्यायचा, हाही शेवटी प्रवाहाचाच प्रश्न असतो. हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राने २०१६ मध्ये शोध आणि बचावासाठी ‘सरत’ ही संगणकीय प्रणाली सुरू केली, हे स्तुत्यच. पण प्रतिमान कितीही चांगले असले, तरी त्याला तासातासाच्या निरीक्षणांचा आधार लागतो. अमेरिकेच्या किनाऱ्यांवर अशी शंभराहून अधिक रडार आहेत आणि तेथील तटरक्षक दल बचावकार्यात त्यांचीच माहिती वापरते.

यंत्र उभारण्यासाठी निधी मिळतो, उद्घाटनही होते; खाऱ्या वाऱ्यात गंजणाऱ्या अँटेनांच्या देखभालीचे शीर्षक मात्र अंदाजपत्रकात सहज आखडते. येथे एका जुन्या खात्याचा दाखला द्यावासा वाटतो. मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून समुद्राची पातळी नोंदली जात आहे. आज मुंबईपाशी समुद्र किती वाढला, हे सांगणारा तोच आपला सर्वांत जुना साक्षीदार आहे. भरती-ओहोटीचे कोष्टक दरवर्षी छापले जाते आणि बंदर अधिकाऱ्यापासून कोळीबांधवांपर्यंत कोणालाही ते मिळते. पृष्ठप्रवाहांची नोंदही त्याच दर्जाची सार्वजनिक सेवा मानली गेली पाहिजे: प्रकल्पाची मुदत संपली म्हणून न थांबणारी आणि किनारी जिल्हाधिकाऱ्याच्या नियंत्रण कक्षात अखंड दिसणारी. तसे झाले, तर पुढच्या टकरीच्या पहाटे बादल्या घेऊन धावणाऱ्या मुलांना निदान योग्य किनाऱ्यावर तरी पाठवता येईल.