मोना मेश्राम माहितीये का?

मनीषनगरमध्ये राहणाऱ्याला क्रिकेट वेगळं शिकावं लागत नाही. जामठ्यात मॅच असली की वर्धा रोडचा ट्रॅफिकच तुम्हाला स्कोअर सांगतो. चहाच्या टपरीवर तर प्रत्येक जण सिलेक्टर! पण त्याच टपरीवर एक प्रश्न टाकून बघा: नागपूरची कुठली मुलगी भारताकडून खेळलीये? मी हा प्रश्न मिहानमधल्या आमच्या ऑफिसात टाकला. उत्तरं आली स्मृती, हरमन, जेमिमा. तिघीही भारी, पण नागपूरची एकही नाही. एका कलीगने उलट मलाच विचारलं, "काहून, आहे का अशी कोणी?"

आहे ना! मोना मेश्राम. जन्म नागपूरचा, १९९१ सालचा. उजव्या हाताने बॅटिंग, जोडीला मध्यमगती बोलिंग. विदर्भाकडून खेळता खेळता २०१२ साली ती थेट इंडियाच्या टीममध्ये पोहोचली. आपल्यापैकी अनेकांचा पहिला सीव्ही तयार व्हायच्या वयात, म्हणजे विशीत, तिच्या अंगावर निळी जर्सी होती.

कोलंबोतले ५९

मोनाची सगळ्यात गाजायला हवी होती अशी इनिंग समजून घ्यायची, तर थोडं मागे जावं लागेल. २०१७च्या वर्ल्डकपसाठी पहिल्या चार टीम्सना थेट एण्ट्री होती. भारत पाचवा आला. कारण? पाकिस्तानविरुद्धची सीरिज खेळलीच गेली नाही आणि सहा पॉइंट्स गेले. खेळाडूंचा यात काडीचा दोष नाही. वरच्या केबिनमधले निर्णय आणि खालच्या डेस्कवरची धावपळ, हे आपल्याला नवीन आहे का?

तर टीमला कोलंबोत क्वालिफायर खेळावी लागली. त्यात सांगलीची स्मृती मानधना गुडघ्याच्या दुखापतीमुळे बाहेर. वरच्या फळीत जागा रिकामी झाली आणि मोनाने ती घेतली. वर्ल्डकपचं तिकीट पक्कं झालं आणि २१ फेब्रुवारी २०१७ रोजी फायनलमध्ये समोर आली साउथ आफ्रिका. टार्गेट २४५. दीप्ती शर्माने ७१ केले, मोनाने ५९. मग विकेट्स पडत गेल्या आणि शेवटच्या दोन बॉल्सवर आठ रन्स हवे असताना हरमनप्रीतने एक सिक्स ठोकली, मग दोन रन्स पळून काढले. शेवटच्या बॉलवर, एक विकेट राखून मॅच आपली! दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी हरमनचं नाव. साहजिक आहे. पण पाया ज्या दोघींनी घातला, त्यातली एक आपल्या गावची होती.

लॉर्ड्सवर, पण मैदानाबाहेर

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये वर्ल्डकप झाला. मोना टीममध्ये होती, सुरुवातीच्या काही मॅचेस खेळलीही. पण स्मृती फिट होऊन परतली आणि पहिल्या दोन मॅचेसमध्ये तिने ९० आणि नाबाद १०६ ठोकले. दुसरीकडे पूनम राऊत जमलेली. वरच्या जागा भरल्या. २३ जुलैला लॉर्ड्सवर फायनल झाली, तेव्हा अकरा जणींत मोना नव्हती. २२९चा पाठलाग करताना आपण ३ बाद १९१ वरून २१९ वर ऑलआउट झालो. नऊ रन्सनी वर्ल्डकप गेला.

मला ही गोष्ट विचार करायला लावते. आपलं काम चोख करायचं, आणि तरी मोठ्या दिवशी बाकावर बसून टाळ्या वाजवायच्या. कोणी अन्याय केलेला नसतो, समोरचा खरंच चांगला असतो. अप्रेझलच्या फॉर्ममध्ये या दुःखासाठी कॉलम नसतो.

पगाराचं काय?

आता आपला लाडका विषय: पैसा. मनीषनगरकरांना रेल्वेचा अनुभव म्हणजे फाटक. उड्डाणपूल होईस्तोवर निम्मं आयुष्य त्या फाटकापाशी गेलं. पण भारतीय क्रिकेटमधल्या मुलींसाठी रेल्वेनेच फाटक उघडलं. ऐंशीच्या दशकापासून रेल्वेने महिला क्रिकेटपटूंना नोकऱ्या दिल्या. त्यासाठी डायना एडलजींनी बरीच खटपट केली. महिला क्रिकेट बीसीसीआयच्या छत्राखाली आलं ते २००६मध्ये. तोवर खेळून घर चालेल, अशी कल्पनासुद्धा कोणी करत नव्हतं. रेल्वेची नोकरी म्हणजे महिन्याचा पगार आणि प्रॅक्टिसला सवलत. "लग्न कधी?" विचारणाऱ्या नातेवाइकांना त्याहून चांगलं उत्तर कुठलं?

मोनाही रेल्वेत गेली. २०१७च्या त्या टीममधल्या पंधरापैकी दहा जणी रेल्वेच्या होत्या! फायनलनंतर रेल्वेने या दहा जणींना प्रत्येकी १३ लाख रुपये जाहीर केले, बीसीसीआयने प्रत्येक खेळाडूला ५० लाख. नऊ रन्सनी हरलेल्या टीमने जे दार ढकललं, ते नंतर सताड उघडलं. २०२२मध्ये महिला-पुरुषांची मॅच फी सारखी झाली: टेस्टला १५ लाख, वनडेला ६, टी-ट्वेंटीला ३. २०२३मध्ये डब्ल्यूपीएल आली आणि पहिल्याच सीझनमध्ये बंगळुरूच्या टीममध्ये विदर्भाच्या दिशा कासट आणि कोमल झंझाड दिसल्या. अमरावतीची भारती फुलमाळी २०१९मध्येच भारताकडून खेळून आली होती, तिला गुजरातने घेतलं.

मग रेल्वेची गरज संपली? अजिबात नाही. पहिल्या सीझनचाच हिशोब करा: पाच टीम्स, प्रत्येकी जास्तीत जास्त अठरा खेळाडू, त्यात परदेशी मुली वेगळ्या. संपूर्ण देशातून उरतात किती? ज्यांची बोली लागत नाही त्यांच्यासाठी महिन्याच्या एक तारखेचा पगार हीच लीग आहे.

आणि मग २ नोव्हेंबर

२ नोव्हेंबर २०२५. नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम. फायनल, आणि समोर पुन्हा साउथ आफ्रिका. दीप्तीने ५८ रन्स केले, पाच विकेट्स घेतल्या. कॅप्टन हरमनप्रीत. ५२ रन्सनी भारताने वर्ल्डकप जिंकला. त्या रात्री मनीषनगरात फटाके वाजले, आमच्या बिल्डिंगमध्ये तर काकूंनी मिठाई वाटली. कोलंबोच्या त्या मॅचमधल्या दोघी ट्रॉफी उचलताना टीव्हीवर दिसत होत्या. तिसरी दिसत नव्हती.

तिसरीचं नाव आता तुम्हाला माहितीये. पुढच्या वेळी टपरीवर कोणी विचारलं, तर कोलंबोतल्या ५९ रन्सपासून सुरुवात करा. बघा, चहा थंड होईपर्यंत चर्चा रंगते की नाही!