घडीच्या सायकलचे धक्के आणि टायरमधली हवा

भिलाईत सेक्टरमधून सुपेला किंवा पॉवर हाउसच्या गल्लीत वळताना खड्डा आला, की घडीची सायकल मोठ्या सायकलपेक्षा जास्त आदळते. तिचं 20 इंची चाक त्याच खड्ड्यात अधिक खोल उतरतं आणि पुढच्या कडेवर जास्त उभ्या कोनात धडकतं. लोक आधी स्प्रिंगची सीट घेतात. पण सीट मनगटं वाचवत नाही. खरा उपाय टायरमध्ये आहे. ब्रिटिश अभियंते ॲलेक्स मोल्टन यांनी 1962 मध्ये लहान चाकांच्या सायकलला रबरी सस्पेन्शन दिलं, कारण त्यांना अरुंद, टणक टायर हवे होते. आपल्याला तशी गरज नाही. फोर्क, ब्रेक आणि मडगार्डमध्ये जागा असेल, तर दीड इंचाऐवजी दोन इंची टायर बसवा आणि हवा थोडी कमी ठेवा. मागे वजन जास्त, म्हणून तिथे हवा किंचित जास्त. कमी हवेने सायकल जड चालते हा आक्षेप गुळगुळीत डांबरावर बराचसा खरा आहे. खडीवर मात्र टणक टायर उसळतो, आणि त्या उसळण्यातच पायांची ताकद वाया जाते. पंक्चरची भीती रास्त आहे: हवा फारच उतरली तर रिम आणि खड्ड्याची कड यांच्यात ट्यूब चिमटते. म्हणून टायरच्या कडेवर छापलेल्या किमान दाबाखाली कधीही जाऊ नका.