कीर्द शाबूत तर खतावणी पुन्हा उभी राहते



“संगणक बिघडला म्हणजे आमच्या उसाचं वजन गेलं का हो?” असा प्रश्न गट ऑफिसात नेहमी निघतो. प्रश्न रास्त आहे. लागणीची तारीख, तोडीची पाळी, खेपांची वजने अन् बिल, सारे त्याच नोंदींवर चालते. म्हणून थोडा खुलासा करीत आहोत.

नोंद लिहिली जात असतानाच वीज गेली किंवा डिस्क खराब झाली, तर नोंद अर्धवट राहते आणि कधी कधी सगळी फाईलच उघडेनाशी होते. मग दोन वाटा उरतात : दुरुस्ती किंवा राखीव प्रत. नुसती अनुक्रमणिका बिघडली असेल तर दुरुस्ती बरी. मूळ नोंदींवरून ती नवी करता येते. पण मूळ नोंदच फाटली असेल तर दुरुस्तीचा प्रोग्रॅम फाटका भाग काढून टाकतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये तर अशा दुरुस्तीच्या नावातच ‘माहिती गेली तरी चालेल’ असा अर्थ आहे! फाईल उघडते, काम सुरू होते, आणि कोणाची तरी एक खेप गुपचूप नाहीशी झालेली असते. म्हणून दुरुस्ती करायचीच तर आधी बिघडलेल्या फाईलीची नक्कल काढावी अन् प्रयोग नकलेवर करावा.

राखीव प्रतीने आदल्या रात्रीपर्यंतचे परत मिळते. त्यापुढचे काय? जुन्या कारकुनांना हे शिकवावे लागणार नाही. खतावणी खराब झाली तर ते कीर्दीवरून नोंदी पुन्हा चढवीत. संगणकही व्यवहारांची अशी कीर्द ठेवतो, तिला लॉग म्हणतात. प्रत आणि लॉग दोन्ही शाबूत असले तर बिघाडाच्या क्षणापर्यंतचा हिशेब उभा राहतो. लॉगही गेला, तर काट्यावरच्या पावत्या हीच कीर्द.

प्रत ठेवायची कुठे? १२ जुलै १९६१ रोजी आपल्या वेल्ह्यातले पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासलाही, आणि पुण्याच्या पेठांत पाणी शिरले. अशा पाण्यात कपाटातली वही आणि शेजारची तिची नक्कल, दोन्हींची गत एकच. म्हणून प्रत दुसऱ्या गावी हवी, आणि अधूनमधून ती उघडून पाहायला हवी.

सभासदांनी एवढेच करावे : वजनाची पावती बिलाशी ताळा लागेपर्यंत जपावी. काही पावत्यांची छपाई उन्हाने उडते, त्यांची झेरॉक्स काढावी. फरक दिसला तर पावती घेऊन गट ऑफिसात यावे.